बातमीतला कर्ता शोधा

प्रश्न : गाझाची एकच घटना एका दैनिकात ‘15 जणांचा मृत्यू’ अशी येते, दुसऱ्यात ‘इस्रायलच्या गोळीबारात 15 ठार’ अशी. विश्वास कशावर ठेवायचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी क्रियापद पाहा. ‘मृत्यू’, ‘मृत्युमुखी पडले’ यांत मारणारा दिसत नाही. ‘ठार केले’ म्हटलं की कर्ता सांगावाच लागतो. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरातला कर्ता पुष्कळदा मराठी मथळ्याची जागा वाचवताना गळतो, म्हणून निदान पहिले दोन परिच्छेद वाचा. मग दावा कोणाचा आहे आणि बातमी कुठून लिहिली आहे, ते पाहा. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध पेटल्यावर इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ देणं बंद केलं. जायचं तर लष्कराच्या सोबतीने. त्यामुळे आतलं जे कळतं ते मुख्यतः तिथल्याच पॅलेस्टिनी पत्रकारांमुळे, आणि त्यातले कितीतरी मारले गेले.

पहिल्या दिवशीचा खुलासा अंतिम धरू नका. 23 मार्च 2025 रोजी दक्षिण गाझातल्या रफाहमध्ये 15 बचाव व मदत कर्मचारी मारले गेले. वाहनं दिवे न लावता संशयास्पदरीत्या येत होती, असं इस्रायली लष्कराने सांगितलं. एप्रिलच्या सुरुवातीला, मारल्या गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या मोबाइलमधलं चित्रण बाहेर आलं. त्यात रुग्णवाहिकांचे दिवे लागलेले होते. लष्कराला म्हणणं बदलावं लागलं. तोवर संशय मेलेल्यांवरच राहिला, हे फार वाईट झालं.

प्रश्न : बातमीने सरकारांची धोरणं खरंच हलतात?

उत्तर : हलतात, आणि चुकीच्या घाईनेही हलतात. 17 ऑक्टोबर 2023 रोजी गाझातल्या अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला. इस्रायलनेच हल्ला केल्याचा पॅलेस्टिनी दावा जगभर मथळ्यांत झळकला. तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बायडेन यांची अरब नेत्यांसोबत जॉर्डनची राजधानी अम्मानला ठरलेली बैठक त्याच रात्री रद्द झाली. पुढे अमेरिकी गुप्तचरांनी, पॅलेस्टिनी बाजूचं रॉकेट भरकटून पडलं असावं, असा निष्कर्ष काढला. आपण हमासच्या (गाझात सत्ता असलेल्या सशस्त्र संघटनेच्या) दाव्यावर फार विसंबलो, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 23 तारखेला छापलं. बैठक मात्र गेली ती गेलीच.

प्रश्न : ‘हमासच्या ताब्यातलं आरोग्य मंत्रालय’ असं लिहिलं असेल तर आकडा खोटा समजायचा का?

उत्तर : नाही. 2014 च्या गाझा युद्धात मंत्रालयाने सुमारे 2,300 मृत सांगितले, संयुक्त राष्ट्रांनी 2,251. आकड्याची मर्यादा वेगळी आहे : मंत्रालय लढवय्ये आणि सामान्य नागरिक वेगळे मोजत नाही.