प्रबंधाचं पुस्तक करायचंय, वर्ड सोडून लाटेक शिकावं का?

ताई, तुमचा प्रबंध साडेतीनशे पानांचा, तळटीपा भरपूर, अन् मधात एक परिच्छेद घुसवला की वर्डमध्ये सगळं सरकते, असं तुम्ही लिहिलं. तर हो, शिकाच. लाटेक म्हणजे साध्या मजकुरात आज्ञा लिहिल्या की त्यावरून पुस्तकाची पानं लावून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर. मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात बसून कोरडवाहू कापसावरचं माझं पुस्तक त्यातच लावलं.

इथं "अक्षर मोठं कर, ठळक कर" असं सांगायचंच नाही, "हे प्रकरण आहे" एवढंच सांगायचं. बॅकस्लॅश, चॅप्टर, महिरपी कंसात नाव, झालं. आकडा, अनुक्रमणिका, पानाच्या डोक्यावरचं नाव ते आपोआप लावते. माझ्या गाइडनं ऐनवेळी सावकारीचं प्रकरण सहाव्यावरून तिसऱ्यावर आणायला सांगितलं, अन् पुस्तकात "पान २१४ पाहा" छापाचे संदर्भ ढीगभर, पण मी आकडे हातानं टाकलेच नव्हते, तिकडे लेबल (त्या जागेला दिलेलं नाव) अन् इकडे पेजरेफ (त्या नावाचं पान आणणारी आज्ञा) दिला होता, मग काय, एक ओळ वर उचलली, फाइल दोनदा चालवली अन् सगळे आकडे बरोबर. त्या दिवशी खरंच डोळे भरून आले होते.

मराठीसाठी झीलाटेक, म्हणजे युनिकोड समजणारं लाटेक, वापरा, फॉन्टसाठी फॉन्टस्पेक अन् भाषेसाठी पॉलिग्लॉसिया ही पॅकेजं (जोड-फाइली) घ्या, फॉन्ट शोभिका, आयआयटी मुंबईचा आहे, फुकट मिळते. मजकूर युनिकोडमध्येच पाहिजे, जुन्या डीटीपी फॉन्टमधला असेल तर आधी बदलून घ्या.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतते, टक्क्याचं चिन्ह. लाटेकमध्ये त्या चिन्हापुढची उरलेली ओळ छपाईत येतच नाही अन् एररही दाखवत नाही. माझं "६२ % कुटुंबं कर्जात" हे वाक्य ६२ वरच तुटलं होतं, प्रूफ वाचताना आईच्या लक्षात आलं. चिन्हाआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर सरळ "टक्के" लिहा.

शब्दसूचीतही लक्ष घाला. ती लावणारा मेकइंडेक्स हा प्रोग्रॅम शब्द युनिकोडच्या क्रमानं लावते, म्हणजे "क्षेत्रफळ" क मध्ये जाते अन् ळ येतो व च्या आधी, आपल्या मुळाक्षरांत तर तो ह नंतर. अशा शब्दांना ऍट चिन्ह वापरून क्रमासाठी वेगळं रूप द्यावं लागते, मला तीन रात्री लागल्या.

सगळं इन्स्टॉल करायला बरेच जीबी लागतात, ते शहरात जाऊन एकदाच करून आणा. नंतर नेट लागत नाही, अन् प्रकरणाची फाइल इतकी हलकी की शेतातल्या एका काडीच्या रेंजवरही गाइडला जाते. माझी सुरुवातीची सेटिंगची फाइल पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो.