इंटरनेट चालते, मग शेजारचा संगणक का सापडत नाही?

घरातले संगणक एकमेकांना जोडताना येणाऱ्या अडचणींविषयीची चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातली तपासणीची पद्धत समजली की बाकीच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ वाचकांना स्वतःच शोधता येते.

प्रश्न : आमच्या घरी एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप असून दोन्हींवर विंडोज ११ आहे. अलीकडे नवा राउटर बसवला आणि आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचावे म्हणून जुना राउटर केबलने त्यालाच जोडून ठेवला. इंटरनेट सगळीकडे उत्तम चालते, पण तेव्हापासून डेस्कटॉपवरून लॅपटॉपमधले शेअर केलेले फोल्डर उघडत नाही. लॅपटॉपवरून मात्र पत्ता टंकल्यास डेस्कटॉप उघडतो. दोन्हीकडची फायरवॉल बंद करून पाहिली, तरी फरक पडला नाही. डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१४ आणि लॅपटॉपचा १९२.१६८.१.२३ असा दिसतो. दोष कशात असावा?

उत्तर : आपण दोन्ही पत्ते लिहून पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण दोष त्यांतच दिसतो. दोन्ही पत्त्यांतला तिसरा आकडा पाहा. डेस्कटॉपच्या पत्त्यात तो ० आहे आणि लॅपटॉपच्या पत्त्यात १. घरगुती राउटरवर सहसा २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क असतो. त्याचा अर्थ असा की, पहिले तीन आकडे ज्यांचे सारखे ते संगणक एका जाळ्यातले, आणि ज्यांचे वेगळे ते दुसऱ्या जाळ्यातले. आपल्या घरात आज एक नव्हे, दोन जाळी आहेत.

हे घडले ते जुन्या राउटरमुळे. त्याच्या इंटरनेटच्या, म्हणजे वॅन पोर्टमध्ये नव्या राउटरकडून आलेली केबल लावली की तो स्वतःच्या मागे निराळे जाळे उभे करतो, त्यातल्या उपकरणांना स्वतः पत्ते वाटतो आणि बाहेरच्या बाजूला त्या सर्वांच्या वतीने आपला एकच पत्ता दाखवतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या मानकानुसार खासगी वापरासाठी राखलेले आहेत, त्यामुळे हेच पत्ते असंख्य घरांत सुखाने नांदतात आणि एकाच घरातल्या दोन जाळ्यांनी त्यांतले वेगवेगळे टप्पे वापरण्यासही कोणाची हरकत नसते. लॅपटॉपने बाहेर काही मागितले की जुना राउटर त्याची नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर परत त्याच्याकडे पोहोचवतो. म्हणूनच इंटरनेटही चालते आणि लॅपटॉपवरून डेस्कटॉपही उघडतो. पण डेस्कटॉपने आपणहून लॅपटॉपला हाक मारली तर ती आत कोणाकडे न्यायची याची नोंद कुठेच नसते आणि ती वाटेतच संपते. इंटरनेट चालणे याचा अर्थ प्रत्येक संगणकाला बाहेर जाण्याची वाट आहे, इतकाच. दोन संगणकांमध्ये वाट आहे की नाही, हे त्यावरून मुळीच कळत नाही.

फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नको असलेल्या मागण्या अडवणारी यंत्रणा, बंद करून काही साधले नाही, ते याच कारणाने. ती कृपया आजच पुन्हा सुरू करा. दोष सापडत नसेल तेव्हा फायरवॉल बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि नंतर ती सुरू करायची राहून जाते, याची मला खरोखर काळजी वाटते.

आता उपाय. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (निराळे जाळे न उभारता केवळ वाय-फाय पुरवणे) असा पर्याय असेल, तर तो निवडून राउटर पुन्हा सुरू करणे पुरेसे आहे. तसा पर्याय नसेल तर हेच काम हाताने करता येते, पण त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमधली केबल काढा आणि लॅपटॉप केबलने त्याच राउटरच्या लॅन, म्हणजे घरातली उपकरणे जोडण्याच्या, पोर्टला जोडा. मग त्याच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.२ असा करा. मात्र नवा राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्या टप्प्याबाहेरचा हा पत्ता आहे, याची आधी खात्री करून घ्या. पत्ता बदलताच समोरचे पान उघडेनासे होईल. इथे अनेकजण घाबरून राउटर रीसेट करतात, पण पान बंद पडणे अपेक्षितच आहे, कारण राउटर आता नव्या पत्त्यावर गेलेला असतो. लॅपटॉपची केबल एकदा काढून पुन्हा लावा, नव्या पत्त्यावर लॉगिन करा आणि मग डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करा. सर्वांत शेवटी नव्या राउटरकडून आलेली केबल जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टपैकी एकात लावा. आता लॅपटॉप पुन्हा वाय-फायला जोडला की त्यालाही १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता मिळेल. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ता वाटणाऱ्यापर्यंत लॅपटॉप पोहोचलेलाच नाही आणि संगणकाने स्वतःहून एक तात्पुरता पत्ता घेतला आहे, असे समजावे. तेव्हा केबल कोणत्या पोर्टमध्ये आहे ते पुन्हा पाहावे.

एवढे झाल्यावर डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून लॅपटॉपच्या नव्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे ‘ping’ लिहून पुढे तो पत्ता टंका. समोरचा संगणक हाकेला उत्तर देतो का, हे त्यातून कळते. उत्तरे येऊ लागली तर मार्ग मोकळा आहे. न आल्यास संदेशाचे शब्द नीट वाचा, कारण इथे दोन निरनिराळे संदेश दोन निरनिराळी कारणे सांगतात. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे दिसले, तर बहुधा लॅपटॉप जागेवर आहे, पण त्याची फायरवॉल उत्तर देऊ देत नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा प्रकार ‘पब्लिक’ आहे का ते पाहा आणि असल्यास तो ‘प्रायव्हेट’ करा. राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवे, अनोळखी जाळे असते आणि अनोळखी जाळ्यात तो दारे लावून घेतो. याउलट ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे उत्तर आपल्याच संगणकाच्या पत्त्यावरून आले, तर त्या पत्त्याचा संगणक जाळ्यात सापडलाच नाही. तो चालू असूनही असे होत असेल, तर वाय-फाय ‘गेस्ट’ नावाचे आहे का ते तपासा. पाहुण्यांसाठीच्या जाळ्यातली उपकरणे एकमेकांपासून आणि घरातल्या बाकीच्या संगणकांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. काही राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ ही सेटिंग मुख्य वाय-फायवरही चालू असते आणि तिचा परिणाम हाच होतो. कार्यालयीन कामासाठी व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणारा खासगी मार्ग, सुरू ठेवला असेल, तर तोही एकदा बंद करून पाहावा, कारण घरातल्या संगणकासाठीची मागणीसुद्धा तो आपल्याच वाटेने बाहेर नेऊ शकतो.

प्रश्न : पिंगला उत्तर येते, पत्ता टंकल्यास फोल्डरही उघडते, पण विंडोजच्या ‘नेटवर्क’ या खिडकीत दुसरा संगणक कधी दिसतो, कधी दिसत नाही. एकाने एसएमबी १ सुरू करायला सांगितले. करावे का?

उत्तर : करू नये. एसएमबी ही विंडोजची फाइली देवाणघेवाणीची भाषा आहे आणि १ ही तिची फार जुनी आवृत्ती. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने विंडोजच्या याच जुन्या आवृत्तीतल्या दोषाचा फायदा घेतला होता. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून नव्याने विंडोज बसवताना ती आपोआप बसवली जात नाही. यादीतल्या एका नावासाठी ते दार पुन्हा उघडणे योग्य नाही.

ती खिडकी म्हणजे केवळ सूचना फलक आहे. संगणकाने स्वतःचे नाव तिथे जाहीर केले तर ते दिसते, न केले तर दिसत नाही. जोडणी होण्या-न होण्याशी त्याचा संबंध नाही. जो संगणक दिसत नाही, त्याच्यावर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा ‘ऑटोमॅटिक’ करून सुरू करा. बहुतेक वेळा नाव दिसू लागते. तरीही माझा आग्रह असा की, त्या यादीवर विसंबूच नये. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा आणि त्या पत्त्यावरचे फोल्डर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ वापरून ड्राइव्हसारखे जोडून घ्या. मग यादीत नाव असले काय आणि नसले काय, काम अडत नाही.

प्रश्न : दुसरा संगणक उघडताना नाव आणि पासवर्ड मागितला जातो. मी रोज वापरतो तो पिन दिला की चुकीचा ठरतो. असे का?

उत्तर : पिन हा ज्या संगणकावर ठरवला त्या एकाच संगणकापुरता असतो, जाळ्यातून आत येताना तो चालत नाही. ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्याच्यावरच्या खात्याचे नाव आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता लिहावा. पासवर्ड नसलेले स्थानिक खाते असेल, तर विंडोज त्या खात्याला जाळ्यातून प्रवेश देतच नाही. सर्वांत सोपे म्हणजे त्या संगणकावर केवळ शेअरिंगसाठी एक वेगळे स्थानिक खाते पासवर्डसह तयार करावे आणि फोल्डरची परवानगी त्या खात्याला द्यावी. ही परवानगी ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन्ही ठिकाणी असावी लागते. पूर्वी चुकीचा पासवर्ड साठवला गेला असल्यास ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून तो आधी काढून टाका, नाहीतर विंडोज पुन्हा पुन्हा तोच पुढे करत राहतो.

प्रश्न : दोन्ही संगणक केबलने जोडलेले आहेत, राउटरही गिगाबिटचा आहे, पण मोठी फाइल पाठवताना वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर जात नाही.

उत्तर : हा ११ चा आकडाच कारण सांगतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट जाऊ शकतात आणि देवाणघेवाणीचा खर्च वजा जाता साधारण ११ उरतात. म्हणजे वाटेत कुठेतरी जोडणी गिगाबिटवरून, म्हणजे १००० मेगाबिटवरून, १०० वर उतरली आहे. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटचे काम १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या दोनच जोड्यांवर भागते. उरलेल्या चारपैकी एखादी तार तुटली किंवा टोकाच्या प्लगमध्ये नीट बसली नसली, तर जोडणी बंद न पडता निमूटपणे खालच्या वेगावर येते, आणि म्हणून हा दोष लवकर लक्षात येत नाही.

दोन्ही संगणकांवर इथरनेटच्या माहितीत ‘लिंक स्पीड’ पाहा. ज्याच्यावर १०० दिसेल, त्याची केबल दुसऱ्या संगणकाच्या केबलशी अदलून पाहा. १०० हा आकडा केबलबरोबर दुसऱ्या संगणकाकडे गेला, तर केबल बदला. तो जागच्या जागी राहिला, तर आधी राउटरवरचा पोर्ट बदलून पाहा. त्यानेही फरक पडला नाही, तर त्या संगणकाचे नेटवर्क कार्डच १०० मेगाबिटचे असण्याची शक्यता आहे.