प्रयोग नको, तालीम बघ

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉलेज लहान आहे, चित्रं काढणाऱ्यांचा एक कंपू आणि आंदोलनात उतरणाऱ्यांचा दुसरा, आणि आपण दोन्हींकडे परकेच, असं तुला वाटतंय. वाटणारच, नवीन जागी सगळ्यांना वाटतं. पण “माझ्यासारखं इथे कुणीच नाही” हे मात्र मला पटत नाही. तू अजून त्या लोकांना काम करताना बघितलेलंच नाहीस.

अशी मंडळी नावावरून शोधू नकोस. वर्षाच्या सुरुवातीला टेबलं मांडून बसलेले क्लब आणि भिंतीवरची पत्रकं यांतून त्या गटाचं स्वतःबद्दल काय मत आहे एवढंच कळतं. तुला तिथे जागा आहे का, हे काम चालू असताना कळतं. म्हणून नाटकाच्या प्रयोगाला नको, तालमीला जा. प्रदर्शनाच्या उद्घाटनापेक्षा आदल्या संध्याकाळी, चित्रं टांगायची असतात तेव्हा जा. सभेला गेलीस तर सभा संपल्यावर थांब आणि खुर्च्या उचलायला लाग.

समजा, पोस्टर छापायची आहेत. स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून कागदावर छापणं, एकट्यादुकट्याने करायचं म्हणजे फार ओढाताण होते. एकाने चौकट घट्ट दाबून धरायची, दुसऱ्याने रबरी पट्टी एका दमात, सारख्या जोराने ओढायची. चौकट जराशी हलली की अक्षरं दुहेरी उमटतात. काम संपल्यावर शाई वाळायच्या आत जाळी धुवावी लागते, नाहीतर तिची भोकं बुजतात आणि पुढच्या वेळी छपाई डागाळते. आता तिथे तू नवखी उभी आहेस. तासाभरात कुणी तुझ्या हातात चौकट दिली का? तुझ्या हातून एक कागद वाया गेला, तेव्हा तो बाजूला सारून “चल, पुन्हा” म्हणाले, की पट्टीच काढून घेतली? आणि शेवटी जाळी धुतंय कोण? दर वेळी त्याच दोघी-तिघी धूत असतील आणि भाषणं करणारे आधीच निघून गेलेले असतील, तर त्या गटाच्या समतेच्या घोषणा मी तरी फारशा मनावर घेणार नाही.

लहान कॉलेजात काय होणार, असंही तू विचारलंयस. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहराजवळ, टूगालू नावाचं छोटं कॉलेज आहे, मुळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी काढलेलं. २७ मार्च १९६१ रोजी तिथले नऊ विद्यार्थी जॅक्सनच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेले. ते ग्रंथालय फक्त गोऱ्यांसाठी होतं. त्यांनी पुस्तकं घेतली आणि वाचत बसले. एवढ्यावरून त्यांना अटक झाली. पुढे १९६३च्या सुमारास याच कॉलेजच्या आधाराने डोरिस डर्बी, गिल्बर्ट मोझेस आणि जॉन ओनील या तिघांनी ‘फ्री सदर्न थिएटर’ उभं केलं. खेड्यापाड्यांत ते फुकट नाटकं करायचे आणि नाटक संपलं की प्रेक्षकांशी चर्चा करायचे. नागरी हक्कांची चळवळ आणि रंगभूमी यांची तिथे वेगवेगळी दालनं नव्हती. माणसं मोजकीच असल्यामुळे तीच दोन्हीकडे होती.

पण मला त्या कॉलेजातलं याहून जवळचं वाटतं ते एका प्राध्यापकाचं काम. अर्न्स्ट बोरिन्स्की हे नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू गृहस्थ तिथे समाजशास्त्र शिकवायचे. गोरे आणि काळे एका खोलीत बसत नसत, त्या काळात त्यांनी दोघांसाठी खुली व्याख्यानं सुरू केली. आपल्या विद्यार्थ्यांना ते लवकर बोलवून एकाआड एक खुर्चीवर बसवत. मागून आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना मग कुणातरी कृष्णवर्णीय विद्यार्थ्याशेजारीच बसावं लागे. याला मी स्वागत म्हणते. “सगळ्यांचं स्वागत आहे” असं लिहायला काही लागत नाही. कोण कुणाशेजारी बसेल याचा आधी बसून कुणीतरी विचार करावा लागतो, आणि हा विचार करणारा माणूस तुझ्याही कॉलेजात असेल. तो नेहमी विद्यार्थीच असतो असं नाही. ग्रंथपाल, कार्यशाळेचे मदतनीस, सभागृहाचे दिवे सांभाळणारे यांना भेट. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात, जुन्या आठवणी या लोकांपाशी राहतात. आधी इथे काय काय झालं, का बंद पडलं, कुणी आडकाठी केली, हे त्यांना माहीत असतं.

लहान जागेचा त्रासही आहे, तो लपवत नाही. नाटकात तीच माणसं, भित्तिपत्रकात तीच, निदर्शनांतही तीच. त्यामुळे माणसं लवकर थकतात. आणि भांडण झालं तर जायला दुसरा गट नसतो. ज्याच्याशी अबोला धरलाय तोच उद्या तालमीत समोर उभा असतो. म्हणून मतभेद झाल्यावर तिथे काय होतं, हे नीट बघ. १९६८च्या मे महिन्यात, फ्रान्समध्ये विद्यार्थी-कामगारांचं आंदोलन पेटलेलं असताना, पॅरिसच्या कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी आणि चित्रकारांनी मिळून पोस्टरची कार्यशाळा चालवली, ‘आतलिए पोप्युलेर’. पोस्टरवर कुणाची सही नसे. प्रत्येक कच्चं चित्र सगळ्यांच्या बैठकीत ठेवलं जाई आणि प्रश्न साधारण दोनच असत: यातला विचार बरोबर आहे का, आणि हे चित्र तो विचार नीट पोचवतं का? टीका माणसावर नाही, कागदावरच्या चित्रावर होई. तू चित्र काढतेस, त्यामुळे हे तुला सुरुवातीला टोचेल. आपली रेघ दुसऱ्याने बदलली की पोटात ढवळतं. तरीही काही महिने करून बघ. आणि स्वतःची, सहीची चित्रं वेगळी काढत राहा. चळवळीच्या नावाखाली ती सोडायला लावणारा गट तुझ्या कामाचा नाही.

तसाच, ज्या गटाचं सगळं एका माणसाच्या तेजावर चालतं, तोही नको. तो माणूस आठवडाभर आला नाही तर बैठक होते का, एवढं बघ. परीक्षेसाठी रजा मागणाऱ्याला अपराधी वाटायला लावत असतील, किंवा तुला न विचारता निदर्शनातला तुझा फोटो सगळीकडे टाकत असतील, तर निघून ये. कारण द्यायचीही गरज नाही.

आणि खरंच काही सापडलं नाही, तर? तर दोघींनी सुरू करा. दोघी पुरतात. वार, वेळ आणि खोली ठरवा आणि ती बदलू नका, कुणी आलं नाही तरी. आधी गटाचं नाव आणि बोधचिन्ह ठरवण्यात महिना घालवू नका, बहुतेकांचा दम तिथेच संपतो. मी सांगितलेल्या त्या जॉन ओनील यांनी पुढे गोष्टींच्या वर्तुळाची पद्धत रुजवली, ती वापरून बघा. सगळ्यांनी गोल बसायचं. एक विषय घ्यायचा, म्हणजे ‘मला कधी बाहेर ठेवलं गेलं’ असा. प्रत्येकाने आपली घडलेली गोष्ट सांगायची, मत नाही. मध्ये कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. ज्याला सांगायचं नसेल त्याने आपली पाळी पुढे जाऊ द्यायची. लाजरी माणसं यात उघडतात, आणि पोस्टरचे विषय, नाटकाचे प्रवेश यातूनच मिळतात. जे ठरतं, ते एका वहीत लिहा: काय केलं, साहित्य कुठून आणलं, परवानगी कुणी दिली. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलीला सगळं पहिल्यापासून शोधत बसावं लागू नये.

या आठवड्यात एवढंच कर. तुमच्याकडच्या छपाईच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते विचार, आणि पुढची तालीम कधी आहे ते. मग मला लिही. कुणी चौकट धरायला दिली का, हे आधी सांग.

तुझी,
ताई