रद्द म्हटलं, पण झालं का?

प्रश्न : माझ्या एमपीआय (प्रोसेसनी एकमेकींना संदेश पाठवायचं मानक) प्रोग्रॅममध्ये मुख्य प्रोसेस कामाचे तुकडे वाटते आणि उत्तरं घ्यायला एमपीआय_आयरिसीव्ह (न अडता ‘संदेश घे’ अशी विनंती) आधीच लावून ठेवते. पुरेसं चांगलं उत्तर मिळालं की उरलेले रिसीव्ह मी एमपीआय_कॅन्सल आणि मग एमपीआय_वेट (विनंती निकाली निघेपर्यंत थांबणं) करून मोकळे करतो. तरी कधी एखादं उत्तर गायब होतं, कधी, किती घटक आले ते सांगणारं एमपीआय_गेट_काउंट भलताच आकडा देतं. कॅन्सल तर दर वेळी यशस्वी म्हणूनच परततं!
– एमटेकचा विद्यार्थी, इंदूर

उत्तर : तू गावचाच, म्हणून सरळ विचारते : वेटला स्टेटसच्या (आलेल्या संदेशाच्या तपशिलाच्या) जागी एमपीआय_स्टेटस_इग्नोर, म्हणजे ‘तपशील नको’, दिलंयस का? दिलं असशील तर रद्द झालं की नाही हे कळायची वाटच तू बुजवलीस.

कॅन्सल यशस्वी परतलं याचा अर्थ तुझी विनंती नोंदली गेली, एवढाच. आपल्या इंदूरच्या छप्पन दुकानवर पोह्यांची ऑर्डर देऊन मागून ‘रहने दे भिया’ ओरडावं, तसं. प्लेट लागली होती का, ते काउंटरवर गेल्यावरच कळतं. इथला काउंटर म्हणजे वेट. त्यातून मिळालेलं स्टेटस एमपीआय_टेस्ट_कॅन्सल्डला द्यायचं. ते झेंडा, म्हणजे खरं-खोटं उत्तर, देतं. झेंडा खरा आला, म्हणजे रिसीव्ह रद्द झाला, तर त्या स्टेटसमधला टॅग (संदेशावरची खूण), काउंट वगैरे सगळं अर्थहीन. तुझा भलता आकडा तिथला. म्हणून गेट_काउंटच्या आधी ही तपासणी.

खरी गंमत झेंडा खोटा येतो तेव्हा. मग संदेश पुरता येऊन बफरमध्ये बसलेला असतो. रद्द होणं किंवा पोचणं, दोन्हींतलं एकच घडतं. मंडळी ‘खरा’ची बाजू लिहितात आणि ‘खोटा’ची सोडून देतात. तुझी हरवलेली उत्तरं बहुधा तिथेच आहेत. ती वाच आणि निकालात धर.

आणखी एक. रिसीव्ह रद्द केल्याने पाठवणारा थांबत नाही. त्याचा संदेश कुणी न घेता पडून राहिला, तर एमपीआय_फायनलाइझच्या, म्हणजे एमपीआय आवरायच्या वेळी प्रोग्रॅम नियमाबाहेर जातो, कधी लटकतोही. मी तर कॅन्सल वापरतच नाही : वेगळ्या टॅगने ‘थांबा’ पाठवते आणि प्रत्येकाकडून शेवटचा संदेश घेऊनच दुकान बंद करते. चार ओळी जास्त लागतात, लागू देत.

सेंड रद्द करायच्या फंदात तर पडूच नकोस. समोरच्याने संदेश उचलला का, हे त्यालाच विचारावं लागतं. २०२१च्या एमपीआय ४.० मानकाने ती सोय कालबाह्य ठरवली आहे. आणि आयबीकास्टसारख्या (सगळ्यांना एकच संदेश वाटणाऱ्या) सामूहिक विनंत्यांवर कॅन्सल चालतच नाही.