गळाला लागलेला मासा सुटतो का?

प्रश्न : ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा व्हिडिओ गेम कॉम्प्युटरवर खेळतेय. मासा लागतो, पण त्याला ज्या हिरव्या पट्टीत धरून ठेवायचं ती हातात राहत नाही. त्यात पावसात लाइट गेली की दिवसभराची मेहनत पाण्यात. काय करू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : बटण तुम्ही फार वेळ दाबून धरत असणार. दाबून ठेवलं की पट्टी वेग घेते आणि माशाच्या पुढे निघून जाते. एकदम सोडलं तर तळाला आपटून उसळते. भराभर हलक्या टिचक्या द्या, पट्टी जागेवर तरंगते. खेळातल्या विली कोळ्याच्या दुकानात २५ गोल्डला (खेळातले पैसे) ट्रेनिंग रॉड ही शिकाऊंची काठी मिळते. तिने पट्टी मोठी होते, मात्र मासे साधेच लागतात. सरावाला डोंगरावरच्या तळ्यातला कार्प मासा उत्तम, तो फारसा उड्या मारत नाही. मासेमारीची पातळी वाढते तशी पट्टीही लांबते. आमच्या मते या खेळातला सर्वांत सुंदर भाग हाच, कंटाळून सोडू नका.

लाइटचं म्हणाल तर, कॉम्प्युटरवर खेळ सेव्ह होतो तो झोपल्यावरच. खेळातला पूर्ण दिवस साधारण १४ मिनिटांचा. आभाळ भरून आलं की मासे विक्रीच्या पेटीत टाका आणि सरळ अंथरूण गाठा. छोटा यूपीएस असेल तर तेवढ्या वेळाला पुरतो.