पाठीवर सेन्सर चिकटवण्याआधी

घरून काम करताना पोक काढून बसायची सवय लागलीय, तर पाठीला लावायचं तयार यंत्र घ्यावं की ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर स्वतःच काही जुळवावं, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्ही करून बसलोय. माझं मत: पाठीचा नाद सोडा, खुर्चीकडे बघा.

तयार यंत्रं मानेच्या खाली चिकटवायची असतात. आत अॅक्सेलरोमीटर असतो, तो गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून यंत्र किती कललंय ते ओळखतो. सुरुवातीला ताठ बसून तो कोन त्याला शिकवायचा, मग पुढे झुकलात की ते थरथरतं. पण कळतं ते चिकटवलेल्या जागेपुरतंच. खाली कंबर ढेपाळली आणि वरची पाठ कशीबशी ताठ ठेवली, की यंत्र गप्प. पहिल्या आठवड्यात मी इतका ताठ बसायचो की बायकोने विचारलं, पाहुणे यायचेत का? चौथ्या दिवशी खांद्यांच्या मध्ये आखडलं. त्यात मे महिना, घामाने चिकटपट्टी सुटायची. भाजी निवडायला वाकलो तरी थरथर. शेवटी ते खणात गेलं.

मग खुर्ची घेतली हातात. दाब ओळखणारे एफएसआर सेन्सर चार: दोन बसायच्या हाडांखाली, दोन मांड्यांखाली. एक पाचवा पाठीच्या टेकूवर. हा सेन्सर म्हणजे दाबला की विजेला होणारा रोध कमी होणारी पातळ चकती. प्रत्येकीला १० किलोओहमचा रेझिस्टर जोडून व्होल्टेज डिव्हायडर करायचा, म्हणजे दाबाप्रमाणे बदलणारं व्होल्टेज बोर्डाला वाचता येतं, की झालं. दोन ठिकाणी मात्र माझे दोन रविवार गेले, तुमचे जाऊ नयेत. एक, ईएसपी३२ चं वाय-फाय चालू असताना एडीसी२ च्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या त्याच्या दोन भागांपैकी दुसऱ्याच्या) पिनांवरून अॅनालॉग वाचन मिळत नाही. ३२ ते ३९ मधल्या पिना घ्या. दुसरं, चकती थेट फोममध्ये खुपसू नका, दाब पसरून जातो. खाली प्लायचा तुकडा, वर सायकलच्या ट्यूबचा रबर, मध्ये चकती. थरथरणारी मोटरही थेट पिनेला लावायची नाही, मध्ये स्विचसारखा ट्रान्झिस्टर आणि मोटर बंद होतानाचा झटका जिरवायला उलटा डायोड हवाच.

एफएसआरवर वजन किती हे विचारू नका. तासभर एकसारखा दाब राहिला की आकडा आपोआप सरकतो. डावं-उजवं, पुढचं-मागचं यांची तुलना करा, तेवढं त्याला जमतं. माझ्याकडे उजवी बाजू कायम जड दिसायची. मी वायरिंग तीनदा तपासलं. मागच्या खिशात पाकीट होतं! ते काढल्यावर बराच फरक पडला. मांडी घालून बसलो की मात्र सगळे आकडे गोंधळतात, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

आता मुद्द्याचं. 'वाकलात की थरथर' असा प्रोग्राम लिहू नका. अमुक एकाच कोनात बसल्याने पाठ दुखायची थांबते याला भक्कम पुरावा नाही. ताठ बसूनही तासन्‌तास हललं नाही तर पाठ धरतेच. म्हणून माझा प्रोग्राम पाचही आकडे दर काही सेकंदांनी मागच्या वाचनाशी ताडून बघतो. ३० मिनिटांत नीट हालचाल झाली नाही तरच एकदा थरथर. सुरुवातीला मी १० मिनिटं ठेवली होती, तिसऱ्या दिवशी चिडून वायर उपटली.

पायात मुंग्या येत असतील, बधिरपणा किंवा कळ पोटरीपर्यंत जात असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि थरथरल्यावर करायचं काय, हेही आधी ठरवा. नुसती कूस बदलली तरी माझी खुर्ची शांत होते आणि मी परत तसाच बसतो, ही चोरी पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. म्हणून आता पाण्याची बाटली स्वयंपाकघरात ठेवतो आणि टायमर शून्यावर यायला खुर्ची निदान दोन मिनिटं रिकामी लागते.