दोन नंबरच्या पानावरचे माजी खजिनदार

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये आहे, महिन्याला एक अशा बारा शीट. प्रिंट काढली की पानाच्या तळाशी डावीकडे माजी खजिनदारांचं नाव आणि 'कच्चा हिशेब' असं छापून येतं. एप्रिलच्या शीटवर मी ते खोडलं. पहिल्या आणि तिसऱ्या पानावरून गेलं, पण दुसऱ्या-चौथ्यावर आहेच. मेपासून पुढे तर सगळ्याच पानांवर. सभा आठ दिवसांवर आली. पान क्रमांक मात्र हवा आहे.
— एक खजिनदार, डोंबिवली

उत्तर : ताई, पानांचे नंबर लिहिलेत हे फार बरं केलंत. नुसतं 'फूटर (पानाच्या तळाशी छापून येणारा मजकूर) जात नाही' एवढंच कळवलं असतंत, तर मला अंदाजपंचे चार औषधं द्यावी लागली असती. दोन आणि चार म्हणजे सम पानं. माजी खजिनदारांनी सम आणि विषम पानांचे फूटर वेगळे ठेवलेत, बहुधा पाठपोट छपाईसाठी. तुम्ही खोडलंत ते फक्त विषम पानांचं.

एप्रिलच्या शीटवर 'पेज लेआउट'मध्ये जा. 'पेज सेटअप' गटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चिमुकला बाण आहे, तो दाबा. खिडकीतला तिसरा टॅब 'हेडर/फूटर', त्यात 'कस्टम फूटर'. तिथे सम पानांचा टॅब वेगळा दिसेल. त्यातले डावा, मधला, उजवा असे तिन्ही कप्पे रिकामे करून बाहेर या आणि 'डिफरंट ऑड अँड इव्हन पेजेस'समोरची खूण काढा. आता पुन्हा 'कस्टम फूटर' उघडून मधल्या कप्प्यात पान क्रमांकाचं बटण दाबा. चौकटी कंसात 'पेज' असं काहीतरी उमटेल, घाबरू नका. त्याजागी हाताने १ लिहाल तर सगळ्या पानांवर १च येईल.

उरल्या अकरा शीटचं काय? फूटर फाइलचा नसतो, शीटचा असतो. म्हणून एप्रिल सुधारला तरी मे जुनाच राहतो, कितीही वेळा सेव्ह करा. पडद्याच्या तळाशी शीटच्या नावांचे टॅब असतात; एप्रिलच्या टॅबवर असतानाच शिफ्ट दाबून मार्चच्या टॅबवर क्लिक करा. वर फाइलच्या नावाशेजारी 'ग्रुप' दिसेल. पेज सेटअपची तीच खिडकी उघडा आणि ओके म्हणा. एप्रिलची मांडणी सगळ्यांना लागेल. मात्र सगळी मांडणी लागेल. एखादी शीट तुम्ही आडवी ठेवली असेल तर तीही एप्रिलसारखी होईल, ती नंतर तपासा.

आणि गट सोडायला विसरू नका! टॅबवर राइट क्लिक, 'अनग्रुप शीट्स'. मी पतसंस्थेत होतो तेव्हा एका संध्याकाळी गट तसाच ठेवून एका खातेदाराचे ४५० रुपये दुरुस्त केले. ते बाराही महिन्यांत, त्याच चौकोनात जाऊन बसले. खातेदार स्वतः पासबुक घेऊन काउंटरवर आला, तेव्हा उलगडा झाला. साहेब काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

घरातलं कुणी 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' वापरायला सांगेल. त्याने सगळ्या शीटचे हेडर-फूटर एका झटक्यात जातात, हे खरं. पण तुमचा पान क्रमांकही जाईल आणि नंतर परत आणता येत नाही. करायचंच असेल तर फाइलची प्रत काढून करा.

प्रश्न : लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये फूटर काढतो, पण नवी फाइल घेतली की तळाशी पान क्रमांक हजर.
— एक शिक्षक, सांगली

उत्तर : गुरुजी, 'फॉरमॅट'मधल्या 'पेज स्टाइल'मध्ये 'फूटर ऑन'ची खूण काढलीत ती त्या फाइलपुरतीच. तशी एक कोरी फाइल तयार करा. मग 'फाइल'मधून 'टेम्पलेट्स', 'सेव्ह ॲज टेम्पलेट' असं जा आणि तिलाच डिफॉल्ट ठरवायची खूण करा, म्हणजे पुढची प्रत्येक नवी फाइल तिच्यासारखीच उघडेल. जुन्या फाइलींचे फूटर मात्र एकेक करूनच काढावे लागतील.